सरकारी पैसा मातीतच घाला, गॅलरीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात मोठे, अद्ययावत स्टेडियम व्हावे, जुन्या मैदानांचा कायापालट करून व्यावसायिक लीगचे सामने इथे आणावेत आणि त्यासाठी सरकारने कोट्यवधींचा निधी द्यावा, ही मागणी दर दोन-तीन वर्षांनी डोके वर काढते. मागणीत गैर काही नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ हा विषय राज्यसूचीत आहे, तेव्हा मैदानांवर खर्च करणे हे राज्याचे कामच आहे. पण नेमका कशावर खर्च, हे मागणी करणारेही सांगत नाहीत आणि मंजुरी देणारेही.

स्टेडियम ही एकच वस्तू नव्हे. खाली माती, निचऱ्याचे पाइप, गवत किंवा धावपट्टी, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह. वर गॅलरी, छप्पर, दिव्यांचे मनोरे, दूरचित्रवाणीची खोली, बड्या पाहुण्यांचे सज्जे. खालचे वर्षाचे साडेतीनशे दिवस गावाच्या उपयोगाचे, वरचे सामन्याच्या दिवशी तिकीट विकणाऱ्याच्या उपयोगाचे. खालच्या भागाला सरकारी पैसा द्यावा, हात आखडता न घेता द्यावा. वरचा भाग ज्याचा धंदा आहे त्याने बांधावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धंदा करणाऱ्यांकडे पैसा नाही, असे कुणी म्हणत असेल तर आकडे पाहावेत. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामने ४१० धरले तर एका सामन्यामागे ११८ कोटी पडतात, तेही तिकीट, जाहिराती आणि प्रायोजक सोडून. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाखाली पाणी ओढून घेणारी सबएअर यंत्रणा २०१७ मध्ये बसली, ती कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने बसवली. बेळगावच्या ऑटोनगरातले मैदानही याच संघटनेचे. तिथे रणजीचे सामने झाले, २०१९ मध्ये भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ खेळले. क्रिकेटला स्वतःच्या पायावर उभे राहता येते, याला आणखी पुरावा कशाला?

आता व्यावसायिक संघाच्या भरवशाचे बघा. बेळगावी पँथर्स हा संघ कर्नाटक प्रीमियर लीग (केपीएल) या क्रिकेट स्पर्धेत होता, २०१७ ची स्पर्धा त्याने जिंकली. २०१९ नंतर ती स्पर्धाच बंद पडली. २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी नावाने नवी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात म्हैसूर आहे, हुबळी आहे, गुलबर्गा आहे, बेळगाव नाही. २०१८ साली या संघाकडे बघून महानगरपालिकेने वीस हजार खुर्च्यांची गॅलरी उठवली असती, तर आज तिच्यावर कबुतरे बसली असती आणि हप्ते आपण फेडले असते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत सिएटलचे किंगडोम हे सार्वजनिक पैशातून उभारलेले स्टेडियम २००० सालच्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडले, त्याच्या कर्जरोख्यांची फेड मात्र २०१५ पर्यंत चालू होती. ओकलंड शहराने १९९५ मध्ये रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ परत यावा म्हणून जुन्या मैदानाला कर्ज काढून नवी गॅलरी जोडली. संघ २०२० मध्ये लास व्हेगासला गेला. तिथे त्याच्यासाठी हॉटेल-खोल्यांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर देऊन नवे स्टेडियम बांधले गेले होते. अर्थतज्ज्ञांचे सहसा कशावर एकमत होत नाही, पण स्टेडियमला दिलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळत नाही, यावर तिथल्या बहुतेकांचे आहे. कारण साधे आहे. सामन्याला गेलेले कुटुंब जे दोन हजार खर्चते, ते एरवी खडेबाजारात किंवा गणपत गल्लीतच खर्च झाले असते. पैसा नवा येत नाही, एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो, आणि दुसऱ्या गल्ल्याची किल्ली बहुधा परगावच्या आयोजकाकडे असते.

म्हणजे राज्यकर्त्यांनी मैदानावर पैसा घालूच नये काय? तसे म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. तिथले खासबाग हे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी दरबारी पैशातून बांधले, १९१२ साली ते पुरे झाले. मध्ये हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. शंभर वर्षांनंतरही शेवटच्या माणसाला पट दिसतो. कारण पैसा आकारात आणि मातीत गेला, नटवण्यात नाही. आपल्याकडे आनंदवाडीच्या आखाड्याला किंवा येळ्ळूरच्या मैदानाला गर्दी होते, तीही कुस्तीसाठी होते, खुर्चीसाठी नाही.

मातीचेच सविस्तर बोलतो, कारण बेळगावात मैदाने बिघडतात ती इथेच. फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटर, भोवतीची मोकळी पट्टी धरून ११५ बाय ७८, म्हणजे सुमारे ९,००० चौरस मीटर. पावसाळ्यात एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पडला तर या मैदानावर साडेचार लाख लिटर पाणी साचते. ते जायला दर पाच मीटरवर १०० मिमीचा छिद्रांचा पाइप लागतो. अशा २४ ओळी, एकूण सुमारे १,९०० मीटर पाइप, सव्वाशेला एक उतार, कडेला २०० ते २५० मिमीचा मुख्य पाइप. चरात आधी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारे पण माती अडवणारे कापड, त्यावर २० मिमी खडी, पाइप, पुन्हा खडी, कापडाची घडी वर. त्यावर १० सेंमी बारीक खडी आणि २५ ते ३० सेंमी वाळूमिश्रित माती. गवत त्यानंतर.

कंत्राटदार कुठे हात मारतो? कापडात. ते जमिनीखाली जाते, कुणाला दिसत नाही. कापड गाळले की दोन पावसाळ्यांत चिकणमाती खडीत उतरते, छिद्रे बुजतात आणि पेनल्टी क्षेत्रात जुलैत बेडूक ओरडायला लागतात. मग ‘मैदान खराब झाले’ म्हणून वरून चार ट्रक लाल माती ओततात, म्हणजे उरलीसुरली छिद्रेही बंद. शहापूर, वडगाव, अनगोळकडची जमीन काळी आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिथे वरची ६० ते ९० सेंमी माती काढून मुरूम भरल्याशिवाय काहीही बांधू नये. कॅम्प किंवा हिंडलगा बाजूच्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत हा खर्च वाचतो. एकाच नमुन्याचे अंदाजपत्रक सगळीकडे लावले की एके ठिकाणी पैसा वाया आणि दुसरीकडे मैदान वाया.

आणि निचऱ्याचे पाणी शेवटी जाणार कुठे? नाल्यातला पुराचा स्तर मुख्य पाइपाच्या तोंडापेक्षा वर असेल तर पाणी उलटे मैदानात येते. बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, त्यांची भातशेती दरवर्षी त्याच कारणाने बुडते. त्यामुळे आराखडा मंजूर करताना गॅलरीचे रंगीत चित्र नंतर पाहावे, आधी नाल्याची आणि पाइपाच्या तोंडाची पातळी कागदावर मागावी.

हे सगळे नीट केले तरी एक मंडप ते बिघडवू शकतो. प्रदर्शने, सभा, लग्नाचे शामियाने यांच्या लोखंडी मेखा दीड-दोन फूट खाली जातात, निचऱ्याचे पाइपही तेवढ्याच खोलीवर असतात. एका कार्यक्रमाच्या भाड्याने पालिकेच्या तिजोरीत काही हजार येतात आणि पाइपाला भोके पडतात ती कुणाच्या हिशेबात येत नाहीत. मंडपाचे पाय काँक्रीटच्या वजनांवर उभे करता येतात. ती अट भाडेपावतीवरच छापावी.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. गवत जगवायला दिवसाला सरासरी ५ मिमी पाणी लागते, म्हणजे वर सांगितलेल्या फुटबॉल मैदानाला ४५,००० लिटर, पाच हजारांचे नऊ टँकर. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की घरोघर नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्या एप्रिल-मे महिन्यांत मैदानाला रोज नऊ टँकर देणार असे कोणता नगरसेवक छातीठोकपणे सांगेल? म्हणून हिरवळीचा हट्ट धरण्याआधी शेजारी सांडपाणी शुद्धीकरणाची सोय आहे का ते बघावे. नसेल तर रोजच्या सरावाला चांगली रोलर फिरवलेली मुरमाची जमीन पुरते. हॉकीच्या पाण्यावरच्या कृत्रिम मैदानाला तर प्रत्येक सामन्याआधी पंधरा-सोळा हजार लिटर शिंपडावे लागते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघातले बंडू पाटील याच बेळगावचे, ते साध्या मैदानावर वाढले. हॉकी पुन्हा उभी करायची असेल तर कमी पाण्यात चालणारे, वाळू भरलेले मैदान घ्यावे.

सिंथेटिक धावपट्टीचे गणित वेगळे. आठ पट्ट्या, प्रत्येकी १.२२ मीटर रुंद. उड्यांच्या धावपट्ट्या आणि दोन्ही टोकांचे अर्धवर्तुळ धरून सुमारे ६,५०० चौरस मीटर. जाडी १३ मिमी सांगतात. कंत्राटदाराने १० मिमीच घातली तर साडेएकोणीस घनमीटर माल वाचतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, तीन वर्षांनी स्पाइकच्या बुटांना दिसतो. बिल देण्यापूर्वी पन्नास-साठ ठिकाणी जाडी मोजून तो तक्ता मैदानावर लावावा. सरासरी १२ मिमीच्या खाली आणि कुठेही १० मिमीच्या खाली नको.

याहून मोठी चूक वेळापत्रकाची. पट्टीच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट या रसायनाची ओलाव्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि थराखाली फोड येतात. खालच्या डांबरात ओल राहिली तरी पट्टी फुग्यासारखी सुटते. त्यामुळे डांबरीकरणानंतर किमान २८ दिवस थांबावे लागते, आणि पट्टी टाकण्याचे काम बेळगावात नोव्हेंबर ते एप्रिल याच काळात होऊ शकते. आपल्याकडे निधी सुटतो मार्चअखेरीला. काम घाईने मेमध्ये सुरू होते, वळवाच्या पावसात डांबर ओले होते आणि जूनमध्ये उद्घाटन. निविदा जूनमध्ये, कार्यादेश सप्टेंबरात, मातीकाम ऑक्टोबरात हा क्रम पाळला तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत. धावपट्टीचे आयुष्य आठ-दहा वर्षे. आठ वर्षांनी वरचा थर बदलायला समजा तीन कोटी लागणार असतील तर आजपासून दरवर्षी साडेसदतीस लाख बाजूला पडले पाहिजेत. ही तरतूद ज्या अंदाजपत्रकात नाही, ते अर्धेच अंदाजपत्रक.

आता वरचा भाग थोडक्यात. प्रसारणाच्या दर्जाचे दिवे म्हणजे चार मनोरे, प्रत्येकी साठ दिवे, दीड किलोवॅटचा एक दिवा धरला तर ३६० किलोवॅट. चार तासांची वीज १,४४० युनिट, आठ रुपयांनी साडेअकरा हजार रुपये. हा खर्च मोठा नाही. मोठा असतो तो हेस्कॉम या वीज कंपनीचा मंजूर भारावरचा मासिक आकार. ४०० केव्हीएला दरमहा तीनशे रुपये धरले तरी महिन्याला एक लाख वीस हजार, सामना होवो न होवो. लीगवाले बहुतेक वेळा जनरेटर आणतातच, त्यांनी दिवेही भाड्याने आणावेत. गावातल्या पोरांना संध्याकाळी सात ते नऊ फुटबॉल खेळायला २०० लक्स (उजेडाचे माप) पुरतात. ते ३० ते ४० किलोवॅटमध्ये होते आणि त्याचे बिल पालिकेला परवडते. हे दिवे मात्र सरकारने जरूर लावावेत.

गॅलरीखाली गाळे काढून भाडे मिळवायचे, त्यातून देखभाल करायची, ही योजना कागदावर छान असते. चार महिन्यांच्या पावसात पायऱ्यांचे प्रसरण-सांधे गळतात, सांध्यातला मसाला पाच-आठ वर्षांत कडक होऊन सुटतो, पाणी गाळ्यात उतरते आणि सळ्या गंजतात. भाडेकरू गळतीचे कारण सांगून भाडे थकवतो. जे भाडे येते ते पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात जाते, मैदानाला एक खराटाही मिळत नाही. गाळे असलेच तर त्यांच्या भाड्याचे स्वतंत्र खाते असावे आणि त्यातून फक्त त्याच मैदानावर खर्च व्हावा.

गर्दीच्या सुरक्षेबाबत मात्र आम्ही खासगी-सरकारी असा भेद करणार नाही. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या हिशेबाप्रमाणे पायऱ्यांवरून एक मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसे बाहेर पडतात आणि गॅलरी आठ मिनिटांत रिकामी व्हावी लागते. दहा हजार प्रेक्षकांना त्यासाठी १९ मीटर रुंदी हवी, म्हणजे दोन-दोन मीटरचे दहा जिने, आणि सामना चालू असताना एकालाही कुलूप नको. आपल्या जुन्या मैदानांच्या दारांची रुंदी टेपने मोजून आधी तेवढीच प्रेक्षकसंख्या मंजूर करावी. हे काम फुकट होते.

व्यावसायिक संघ किंवा लीग सरकारी मैदान मागायला आली तर दार बंद करावे असे नाही. करार नीट हवा. सामना तीन तासांचा असला तरी कुंपण, मंडप, जाहिरातफलक, केबल यांसाठी मैदान आठ-दहा दिवस बंद राहते, म्हणून दिवस मोजताना पहिल्या खुंटीपासून शेवटचा ट्रक जाईपर्यंतचे मोजावेत आणि वर्षात चाळीसच्या वर देऊ नयेत. उरलेल्या दिवशी सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते सात मैदान लोकांचे. बंगळूरच्या श्रीकंठीरव स्टेडियमवर फुटबॉल क्लब आणि अॅथलेटिक्सचे प्रशिक्षक यांच्यात जो वाद झाला, तो याच वेळांवरून. पालिकेचा वाटा एकूण उत्पन्नावर ठरवावा, नफ्यावर नाही. नफा कागदावर कधीच होत नाही, खर्चाच्या पावत्या त्याला खाऊन टाकतात. तिकीट, फलक, वाहनतळ, खाद्यपदार्थ सगळे मोजावे. आणि संघ दहा वर्षांच्या आत निघून गेला तर सरकारने त्याच्यासाठी केलेल्या खर्चाचा उरलेला हिस्सा त्याने परत करावा, त्यासाठी आधीच बँक हमी घ्यावी.

यातून वाचणारा पैसा कुठे घालावा, याला जागा शोधायला नको. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली, कंग्राळीतल्या तालमींपैकी किती तालमींत १२ बाय १२ मीटरची मॅट मांडायला जागा आहे? राज्य स्पर्धा मॅटवर होतात आणि आपली पोरे मातीत घाम गाळून तिथे जातात. माती हवीच, पण वर गळणारे पत्रे बदलून शेजारी मॅटची शेड झाली तर एका गॅलरीच्या पैशात कित्येक गावे होतील. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल तर दहावीनंतर त्या मैदानावर दिसेनाशा होतात. या कामांना कोनशिला छोटी लागते, एवढाच त्यांचा दोष.

शेवटी निविदेबद्दल. कर्नाटकाच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकता कायद्यातील ४(जी) कलमाखाली निविदेविना काम देण्याची सूट आहे. मैदानाच्या कामाला ती वापरू नये, कारण इथे तातडी कसलीच नसते. दोष-दुरुस्तीची जबाबदारी निचऱ्याला आणि धावपट्टीला किमान पाच वर्षे असावी, म्हणजे पाच पावसाळे अनुभवास येतील, आणि अनामत त्यानंतरच सुटावी. कामाचा तपशील, थरांची जाडी, कंत्राटदाराचे नाव आणि हमीची अखेरची तारीख मैदानाच्या दाराशी कन्नडबरोबर मराठीतही लावावी. सीमाभागातल्या ज्या मंडळींची मुले त्या मातीत खेळतात, त्यांना जिओटेक्स्टाइल घातले की नाही हे विचारता आले पाहिजे, आणि ते विचारायची वेळ चर उघडे असतानाची असते.

आपले,
काही निवृत्त स्थापत्य अभियंते व क्रीडाशिक्षक,
बेळगाव